रिकाम्या पिंजऱ्याचं दार

उंदरासारखा इवलासा हॅमस्टर पाळायचा की नाही, यावर घरात तीन रविवार खल झाला. नातीला तो हवाच होता. लेक म्हणाला, "बघू." शेवटी सुनेने तोड काढली.

"आधी आठवडाभर रिकामा पिंजरा सांभाळून दाखवा. रोज दाणे, पाणी, साफसफाई. जमलं तर आणू."

नातीने दीड दिवस जमवलं. मग तिचे क्लास सुरू झाले आणि पिंजरा आजोबांच्या गळ्यात पडला. आजोबांना सगळे मास्तर म्हणत. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेला माणूस. आता मशीन माळ्यावर आणि मास्तर घरात. सकाळी तिघं बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत घरात आवाज काय तो कुकरचा.

मास्तरांनी काम मनावर घेतलं. चिंध्यांची इवलीशी गादी शिवून पिंजऱ्यातल्या लाकडी घरात कोंबली. रोज पाणी बदलत, शिळे दाणे खिडकीत चिमण्यांना टाकत. पुढे पुढे ते पिंजऱ्याशी बोलूही लागले. "आज गुडघा जरा बरा आहे हं," वगैरे. पिंजरा ऐकून घ्यायचा. तेवढी सवड घरात दुसऱ्या कुणाला नव्हती.

आठवडा संपला. हॅमस्टर आणायचा कोणी, हे ठरवायचं मात्र राहिलंच होतं. दाणे संपत होते, गादी दिसत होती. लेकाला वाटलं बायकोने आणला, सुनेला वाटलं नवऱ्याने. दिवसा झोपणारा प्राणी, दिसणार कसा? आणि इतक्या उशिरा विचारायचं तर आपलं घरात लक्ष नाही हे उघड होणार. दोघंही शहाणी, गप्प बसली.

असे पंधरा दिवस गेले. मग एका संध्याकाळी मास्तर पिंजरा पुसून दार लावायला विसरले.

"अहो, पळाला!" सून ओरडली.

लेकाने चालू मीटिंगमधला फोन तसाच टाकला. सोफा उलटा झाला, फ्रिज पुढे आला. फ्रिजमागे रिमोट सापडला, सोफ्याखाली मास्तरांचं शिवताना बोटात घालायचं, वर्षभर हरवलेलं अंगुस्तान.

"अरे, पण तो..." मास्तरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात लेक धापा टाकत त्यांच्या शेजारी फरशीवर टेकला.

"बाबा, तुम्हीच त्याला ओळखता. कसा आहे हो तो?"

लेक असा शेजारी बसल्याला कित्येक महिने झाले होते. मास्तरांनी खरं सांगायचं बाजूला ठेवलं.

"करडा आहे. कानावर पांढरा ठिपका. कुणाला त्रास नाही देत. बोललं की खूश असतो."

"आणि नाही बोललं तर?" सुनेने विचारलं.

"मग कोपऱ्यात बसून राहतो."

"बघितला मी," लेक एकदम म्हणाला. "आत्ता गेला कपाटाखाली. ठिपकासुद्धा दिसला."

नवरा-बायको पोटावर आडवी होऊन कपाटाखाली बघत राहिली. "उद्या मी लवकर येते," सून म्हणाली. "मीही येतो," लेक म्हणाला.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नातीला बाजूला घेतलं. "तुला म्हणून सांगतो. तो पिंजरा..."

"रिकामा आहे. मला पहिल्यापासून माहितेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्याच्याशी बोलायचात ना. सगळे तुम्हाला हसले असते."

मास्तरांनी नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. उद्या सगळ्यांना खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माळ्यावरून जुनी कात्री काढली, चष्मा लावला, आणि सूर्यफुलाच्या बिया एकेक करून कडेने कातरायला बसले. कपाटाखाली टाकल्यावर त्या कुरतडल्यासारख्या दिसायला हव्या होत्या.