भामरे अक्का आणि वाटेतली जनावरं

रानडुकरांना शिट्टी मारून रांगेत चालायला लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या भामरे अक्का.

पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतात, तिथल्या एका उतारावर हे घडलं. अक्कांची सायकल सुसाट खाली चालली होती. मी बराच मागे होतो. करवंदीच्या जाळीतून अचानक डुकरीण बाहेर आली आणि तिच्यामागे पिल्लांचा गोंधळ. दुसरं कोणी असतं तर सायकल टाकून झाडावर चढलं असतं. अक्कांनी करकचून ब्रेक दाबले, गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि अशी फुंकली, की समोरच्या डोंगरावरून ती परत आली.

"एकामागे एक! धक्काबुक्की नाही!"

डुकरीण दचकून पळाली आणि पिल्लं तिच्यामागे एका ओळीत वाट ओलांडून गेली. डुकराची पिल्लं एरवीही तशीच पळतात, असं माझं मत आहे. अक्कांना ते मान्य नव्हतं.

"सांगितलं की ऐकतात," त्या म्हणाल्या. "आपल्या नववी ब पेक्षा बरी."

भामरे अक्का आमच्या हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवायच्या आणि मी गणित. त्या माझ्याहून वयानं बऱ्याच मोठ्या. शिवाय शेजारीण, आमच्या दोन घरांत फक्त एक शेवग्याचं झाड. लग्न केलेलं नाही. उंच, हडकुळ्या, उन्हानं रापलेल्या, आणि बोलणं असं की साधं "जेवलात का?" विचारलं तरी समोरचा सावधानमध्ये उभा राहायचा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल. त्यांचा नाशिकचा भाचा नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना आपली जाड टायरची, गियरची सायकल मावशीकडे ठेवून गेला. तसली सायकल आमच्या गावानं पाहिलेली नव्हती. अक्कांनी एक रविवार तिच्याभोवती फेऱ्या मारण्यात घालवला. पुढच्या रविवारी पंजाबी ड्रेसच्या पायांना रबरबँड लावून, डोक्यावर टोपी घालून त्या भर बाजारातून डोंगराकडे निघाल्या. पन्नाशीला आलेली बाई, पंजाबी ड्रेस आणि सायकल! गावाला पुढचा महिनाभर दुसरा विषय नव्हता.

"लोक काय म्हणतील अक्का?" आमच्या हेडसरांनी एकदा धीर करून विचारलं.

"म्हणू द्या. माझं काही अडत नाही," अक्का म्हणाल्या.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवाळीत माझी बायको रेखा फराळ घेऊन जायची, तर दारातच उत्तर: "कशाला उगाच? माझं काही अडत नाही." डबा मात्र घ्यायच्या, आणि घासूनपुसून, डोंगरातली सीताफळं भरून परत करायच्या. आत या, बसा, असं कधी म्हणायच्या नाहीत आणि आमच्याकडेही कधी आत यायच्या नाहीत. दिवाळीच्या पाडव्याला सगळं गाव घराघरांत गोडधोड खात असताना अक्का एकट्या डोंगरात असायच्या. संध्याकाळी परत आल्या की थोडा वेळ त्यांच्या स्वयंपाकघरात उजेड दिसायचा, मग तोही जायचा.

मला त्यांच्याबरोबर जावं लागलं ते डॉक्टरांमुळे. रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. रेखा म्हणाली, शेजारी व्यायाम राहतोच आहे. तेव्हा माझी जुनी काळी सायकल, जिच्यावर मी शाळेत जायचो, ती घेऊन मी रविवारी अक्कांच्या मागे निघू लागलो. 'मागे' हा शब्द मी शब्दशः वापरतोय. चढावर मी सायकल ढकलत असायचो आणि वरून आवाज यायचा, "सर, श्वास नाकानं!"

आता, जनावरं पाहायला माणसं जीप घेऊन जातात, मचाणावर बसतात आणि ससासुद्धा न बघता परत येतात. अक्कांना जनावरांची अजिबात हौस नव्हती. त्यांना चढ हवा असायचा. पण वळण आलं की समोर कोणीतरी उभं असायचंच. आणि अक्कांना त्याचा मनापासून राग यायचा.

"कसाले वनी तू मधमा? चाल, व्हय बाजूले!"

एरवी त्या शाळेतलं स्वच्छ मराठी बोलायच्या. जनावरावर चिडल्या की अहिराणी. एकदा घोरपड मध्ये आली. तिला वाचवायला अक्कांनी हँडल वळवलं आणि दगडावर आपटल्या. सोमवारी हात गळ्यात बांधून शाळेत हजर. शिक्षकांच्या खोलीत चौकशी सुरू झाली.

"अक्सिडेंट," अक्का म्हणाल्या.

"अरेरे! ट्रकशी?"

"घोरपडीशी."

एकेकानं आपापलं हजेरीपुस्तक उचललं.

प्रत्येक जनावराकडे त्या मैदानाच्या नजरेनं बघायच्या. भेकर पळालं की म्हणायच्या, "स्टार्ट चांगला आहे, पण सरळ पळत नाही." सायाळ दिसली, तर "वजन वाढलंय." एकदा बंधाऱ्याच्या भिंतीवर सकाळच्या उन्हात बिबट्या बसलेला दिसला. मी सायकल उताराच्या दिशेला वळवली. अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या, तो अक्कांकडे. शिट्टी नाही, काही नाही. शेवटी तोच उठला, अंग ताणलं आणि पलीकडे उतरून गेला. खाली आल्यावर वनखात्याच्या गार्डनं, वळवी भाऊंनी, विचारलं, "मॅडम, केवढा होता?"

"छाती भरलेली. लांब उडीला उत्तम."

वळवी भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय करणार?

तरस भेटली ती फाल्गुनात. पळस पेटलेले, बाकी डोंगर नुसता वाळून करडा. नाल्याच्या वरच्या वळणावर अक्कांचं पुढचं चाक जवळजवळ तिच्या अंगावरच गेलं. तरस हे जनावर दिसायला कोणालाच आवडत नाही. पुढून उंच, मागून खचलेलं, अंगावर मळके पट्टे आणि तोंड कायम काहीतरी चुकल्यासारखं. लोक नाव काढलं तरी थुंकतात. म्हणतात, मढी उकरणारं जनावर. ही तर म्हातारी, आणि मागचा एक पाय उचलून धरलेला.

अक्कांनी शिट्टी फुंकली. तरस पळाली नाही. पळणं तिला जमण्यासारखं नव्हतं. दोन पावलं लंगडत बाजूला झाली आणि खाली बसली.

अक्कांनी शिट्टी तोंडातून काढली. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हिला सूट."

तासाला बरं नसलेल्या मुलींना त्या असंच म्हणायच्या. अशा मुली मग लिंबाखाली बसून राहायच्या आणि अक्का सगळा तास ओरडत असताना मधूनमधून लिंबाकडे बघून यायच्या.

त्या दिवसापासून आमची वाट ठरली. दर रविवारी नाल्याची. दुसरीकडे जाऊ, म्हटलं तर अक्का म्हणायच्या, "इथला चढ चांगला आहे." चढ भिकार होता. सगळी खडी. वळण जवळ आलं की अक्कांची सायकल आपोआप सावकाश व्हायची, शिट्टी ड्रेसच्या आत जायची. कधी तरस करवंदीच्या सावलीत बसलेली दिसायची, कधी नाही. दिसली तर अक्का काही बोलायच्या नाहीत. नाही दिसली तर त्या दिवशी मला श्वास नाकानं घ्यायची आठवण कोणी करून द्यायचं नाही.

मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "अक्का, तुमची मैत्रीण आज आली नाही."

"मैत्रीण कसली? वाटेतलं जनावर आहे," त्या तुटकपणे म्हणाल्या आणि सायकल पुढे काढली.

चैत्रात वरच्या पाड्यातल्या शेळ्या जाऊ लागल्या. बहुतेक बिबट्यानं नेल्या असतील. लंगड्या तरसाला शेळी कुठली सापडायला? पण बिबट्या कोणाला दिसत नव्हता आणि तरस सगळ्यांना दिसत होती.

त्या रविवारी आम्ही वळणावर पोचलो, तर वाटेतच एक शेळीवाली बाई उभी होती. तिनं हात आडवा केला.

"तिकडे जाऊ नका बाई. ते नाल्यात पडलंय. अजून हलतंय."

"काय झालं?" अक्कांनी विचारलं.

"मेलेल्या शेळीत औषध घालून ठेवलं होतं कोणीतरी. त्यानं खाल्लं."

अक्कांनी सायकल तिथेच सोडली. एरवी स्टँड लावल्याशिवाय त्या सायकल हातातून सोडत नसत. ती खडीवर आडवी झाली, चाक फिरत राहिलं, आणि अक्का नाल्यात उतरल्या.

तरस कोरड्या वाळूत कुशीवर पडली होती. तोंडाला फेस. पाय मधूनच ताठ व्हायचे, थरथरायचे, पुन्हा सैल पडायचे. डोळे उघडे होते. मी काठावरच थांबलो. अक्का तिच्यापासून हातभर अंतरावर खाली बसल्या.

"सर, वळवी भाऊंना घेऊन या. गुरांचे डॉक्टर घरी असतील तर त्यांनाही सांगा. काही इंजेक्शन असेल."

"आणि तुम्ही?"

"मी इथेच आहे."

"अक्का, चावेल ती."

"जा तुम्ही!"

मी गेलो. इतक्या जोरात सायकल मी त्याआधी कधी चालवली नव्हती आणि त्यानंतरही नाही. गुरांचे डॉक्टर लग्नाला साक्रीला गेलेले. वळवी भाऊ जेवायला बसले होते, ते ताटावरून उठून आले. तरी आम्ही परत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

वरूनच मला त्यांचा आवाज ऐकू आला. आधी वाटलं, शेळीवाल्या बाईशी बोलताहेत. ती केव्हाच निघून गेली होती. अक्कांनी ओढणी सोडवून आपल्या बाटलीतल्या पाण्यात भिजवली होती आणि तिचं टोक त्या जनावराच्या दातांमध्ये पिळत होत्या. टोपी तरसाच्या डोळ्यांवर, उन्हाला आडोसा म्हणून धरलेली. आपलं डोकं उघडं.

"पी ले व माय. थोडंसं पी ले. मी शे आठे. कोठेच जात नही मी."

पाणी तोंडाच्या कडेनं वाळूत जात होतं. वळवी भाऊ खाली उतरले, वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, गेली ती. कधीचीच गेलीय."

"माहीत आहे," अक्का म्हणाल्या. टोपी काही त्यांनी काढली नाही.

वळवी भाऊंनी माणसं आणायला जायचं ठरवलं. अक्का उठायला तयार नव्हत्या. शेवटी मी हाताला धरून उठवलं. त्यांच्या हाताला कोणी धरलेलं मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. हात अगदी हलका लागला.

उतरताना त्या सायकलीवर बसल्या नाहीत. दोघंही सायकली हातात धरून चालत होतो. बरंच खाली आल्यावर त्या आपणहून बोलू लागल्या.

"तुम्ही शाळेत यायच्या आधी आई होती माझ्याकडे. आम्ही दोघीच. मी मुलींचा खो-खोचा संघ घेऊन धुळ्याला गेले होते. जिल्ह्याची स्पर्धा. आई म्हणाली, जा, माझं काय अडतंय? आम्ही जिंकलो. मी ढाल हातात घेऊन घरी आले, तर दाराला आतून कडी."

मी पावलं सावकाश केली.

"आजूबाजूच्यांना वाटलं, म्हातारी झोपली असेल. दार फोडलं. पाणी प्यायला उठली होती बहुतेक. माठापाशीच पडलेली होती, तांब्या लांब गेलेला. किती वेळ तशी पडून होती, कोणाला सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, लगेच गेल्या असतील. डॉक्टरांना असं म्हणावं लागतं."

घरापाशी आल्यावर मी म्हटलं, "अक्का, रेखा जेवायला वाढते, चला." त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

ऊन उतरल्यावर आमच्या दारात त्या उभ्या. अंघोळ केलेली, स्वच्छ पांढरी साडी, ओले केस मागे बांधलेले. रेखानं "या ना अक्का" म्हटलं. त्या उंबऱ्याच्या आत आल्या, पण बसल्या नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या,

"सर, माझ्या घराची एक किल्ली तुमच्याकडे राहू द्या. हल्ली मी आतून कडी लावत नाही, बाहेरूनही उघडणारं कुलूपच लावते. रोज बघायची काही गरज नाही. तुमची कामं सोडून येऊ नका. पण एखाद्या सकाळी दुधाची पिशवी उशिरापर्यंत दारातच दिसली, तर..." त्यांनी कॅलेंडरचं पान सरळ केलं. "तर दार फोडत बसू नका. नवीन केलंय. सागवानी आहे."

त्यांनी हात पुढे केला. मी किल्ली घेतली. ती चांगलीच गरम होती. किती वेळ मुठीत धरून बसल्या असतील, कोण जाणे.