पुसू नये

आमच्या शेजारच्या खोडके सरांकडे चहा घेतला, की कप परत देताना त्याचा कान दोनच बोटांनी धरावा लागे. बाकीच्या कपावर तुमचे ठसे असत आणि ते सरांना हवे असत. माझेच ठसे त्यांच्याकडे इतके साठले होते, की मला चोरी करायची झाली असती तर आधी सरांची परवानगी काढावी लागली असती.

सर अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. जीव मात्र सगळा गुन्ह्यात. चिखलातल्या पावलावरून ते माणसाची उंची, वजन आणि सासुरवाडी सांगत. एकदा गल्लीतला खुराचा ठसा पाहून म्हणाले, "हे म्हैस अकोल्याची हाय." खरंच अकोल्याची निघाली. विकणाऱ्यानं ती मोर्शीची म्हणून गळ्यात मारली होती. त्या दिवसापासून जनावरांचे दलाल आमच्या गल्लीला वळसा घालून जात.

त्यांचा मंत्र एकच : "पुसू नोका!" सांडलेलं, लागलेलं, उमटलेलं, काही म्हणून पुसायचं नाही, तो पुरावा. वहिनी हळदीच्या हातानं स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकल्या, की सर भिंग घेऊन हजर. "सापडला मुद्देमाल!"

"काहून जी? घरात तुमी अन् मी. चोर सापडला तं काय करान?"

"जलमठेप देईन!"

"ते तं भोगूनच राहिली!"

एका पावसाळ्यात वहिनी तापाचं निमित्त होऊन गेल्या. मूलबाळ नव्हतं. तेरावं उरकलं आणि सरांनी प्राचार्यांकडे अर्ज टाकला : आपल्या कॉलेजात गुन्हास्थळ तपासणीचा वर्ग काढावा.

"गुन्ह्याचा वर्ग?" प्राचार्य म्हणाले. "अहो खोडके, पोरं वर्गाशिवायच एवढी तरबेज आहेत!"

पण सर रोज सकाळी त्यांच्या दारात. शेवटी प्राचार्यांनी कंटाळून विद्यापीठाची समिती बोलावली. समितीला पटलं तर सरांचा वर्ग. नाही तर सर आणि परीक्षानळ्या, पेन्शनीपर्यंत.

आदल्या संध्याकाळी सरांनी प्रयोगशाळेत खून केला. पोत्यात कडबा कोंबून मुडदा, त्याच्या छातीवर कुंकवाचं रक्त, खिडकीशी चिखलाची पावलं, टेबलावर अर्धं खाल्लेलं संत्रं. खून इतका सुबक, की खऱ्या खुन्यानं येऊन शिकवणी लावावी. दाराला पाटी लावली : 'आत काहीही पुसू नये.'

सकाळी समिती आली. सरांनी झोकात दार उघडलं. फरशी आरशासारखी लखलखीत. मुडद्याच्या जागी रांगोळी, आणि रांगोळीत 'सुस्वागतम्'. रक्त गेलं, पावलं गेली, संत्रंही गेलं. कडबा प्राचार्यांच्या गाईपुढे होता आणि निम्मा पुरावा तिच्या पोटात.

"नामदेव!" सर ओरडले. "पाटी नाही वाचली काय रे?"

शिपाई नामदेव हात जोडून म्हणाला, "वाचली ना, सर. काही पुसू नये. म्हून म्या कोनालेच नाही पुसलं. सायेब लोक येनार अन् हे एवढी घान! मुकाट्यानं सारं पुसून टाकलं."

आमच्या वऱ्हाडात पुसणं म्हणजे विचारणंही. सर जन्माचे वऱ्हाडी, पण पाटी लिहिताना तेवढं विसरले. समितीनं रांगोळीची तोंडभर तारीफ केली, जेवण केलं आणि गाडी गाठली. वर्ग बुडाला. बाहेर येऊन सरांनी पाटी काढली आणि पिशवीत टाकली.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरांना चुना लागला. सरांकडे रंगाऱ्याचं काम कुठवर आलं ते पाहायला मी गेलो. घर पांढरं शुभ्र झालं होतं. फक्त स्वयंपाकघराच्या दाराशी वीतभर जुनी भिंत राहिली होती आणि तिच्यावर पिवळ्या पाच बोटांचा ठसा. समोर स्टूल टाकून सर बसले होते. हातात भिंग नव्हतं. चुन्याचा एक शिंतोडा ठशाच्या करंगळीवर उडाला होता. तेवढी हळद कुंकवासारखी लाल झाली होती.

रंगारी कुंचला उचलून उभा. मी आपला नेहमीच्या थट्टेनं म्हणालो, "काय सर, ही कोणती केस?"

"पुसू नोका," सर हळूच म्हणाले.

रंगाऱ्यानं कुंचला खाली घेतला. सर त्याला म्हणाले की मला, ते काही मी त्यांना पुसलं नाही.