कॉपीप्रमुखाची रीतसर नेमणूक

२००३च्या फेब्रुवारीत सेलूजवळच्या एका माध्यमिक शाळेत वरून इंग्रजी परिपत्रक आलं. परीक्षेसंबंधीच्या त्या पत्रात 'हेड ऑफ कॉपिंग' असे शब्द होते. हेडसर लक्ष्मणरावांनी ते तीनदा वाचले, 'ऑफ'मधला जादा एफ टायपिस्टच्या माथी मारला आणि कॉपीसाठी एक प्रमुख नेमायचा आहे, असा अर्थ काढला. सेवाज्येष्ठतेनुसार हे पद पीटीच्या बबनरावांकडे गेलं.

इंग्रजी शिकवणाऱ्या शाल्मली मॅडमची नोकरी अजून कायम व्हायची होती. तरीही त्या शब्दकोश घेऊन गेल्या. दोन्ही एफ हवेतच आणि 'हेड ऑफ' म्हणजे आधीच रोखणं, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. शब्दकोशावर आवक क्रमांक नसल्यानं हेडसरांनी तो विचारात घेतला नाही.

बबनराव कामाला प्रामाणिक. पूर्वी चिठ्ठ्यांवरून भांडणं होत, कुणाचं अक्षर कुणाला लागत नसे. त्यांनी बाकागणिक उत्तरांची एक सुवाच्य, तपासलेली प्रत पुरवली. पालकांचा खिडकीवर चढण्याचा त्रास वाचला. पालकसभेत त्यांनी समाधान व्यक्त केलं.

नववीच्या वार्षिक परीक्षेत मॅडमनी मुद्दाम 'हेड ऑफ' वाक्यात वापरायला सांगितलं. एक्केचाळीस मुलांनी लिहिलं, 'बबनराव इज हेड ऑफ कॉपिंग.' एकट्या रीतानं लिहिलं, की गावानं बांध घालून पूर आधीच रोखला.

चौकशी लागली ती रीताची. एक्केचाळीस उत्तरं जुळतात, हिचं जुळत नाही; तेव्हा हिनंच ते बाहेरून आणलं असणार.

"मॅडमनं वर्गात शिकवलं होतं, सर," ती म्हणाली. "माह्या ध्यानात राह्यलं."

हेडसर गंभीर झाले. परीक्षेत आलेलं उत्तर मॅडमनी आधीच वर्गात सांगितलं होतं. याला पेपरफुटी म्हणतात. त्यांनी मॅडमकडून लेखी खुलासा मागवला.

बबनराव स्वतः मॅडमना भेटायला गेले. माणूस मनानं चांगला. "काऊन नोकरी घालवून राह्यल्या मॅडम? लिहून द्या ना, शिकवलंच नाई म्हणून."

मॅडमनी तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी लिहून दिलं : 'सदर शब्द मी वर्गात कधीही शिकवलेला नाही.'

जूनमध्ये त्या कायम झाल्या. रीताचे दोन गुण कापले गेले. दोन गुणांसाठी शाळेशी वाकडं घेऊ नये, असं तिला घरच्यांनी समजावलं. तुम्ही-आम्हीही दुसरं काय समजावलं असतं?