जावक क्रमांक नाही

गणवीरांच्या घरात एक नियम होता: घराबाहेर जाणारा कुठलाही कागद आधी बाबांच्या टेबलावरून गेला पाहिजे. काहून, असं विचारायचं नाही, हा त्याच नियमाचा उरलेला अर्धा भाग.

देवाजी गणवीर शिक्षण खात्यातून अधीक्षक म्हणून रिटायर झाले, त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. तरी सकाळचे साडेदहा वाजले की ते इस्त्रीचा शर्ट घालून हॉलच्या खिडकीशी टेबलावर बसत. टेबलावर तारखेचा शिक्का, स्टॅम्प पॅड, टाचण्यांची डबी आणि आवक-जावक रजिस्टर. घरात येणारा कागद आवक, बाहेर जाणारा जावक, आणि दोघांनाही नंबर. बायकोच्या किराण्याच्या यादीवरही शेरा पडे ('अ.क्र. ४ व ९ दोन्ही ठिकाणी जिरे. एक वगळावे'). थोरल्या नागसेनचा लग्नाचा बायोडाटा तीनदा परत आला, तोवर मुलीकडच्यांनी दुसरीकडे साखरपुडा उरकला. आठवीत असताना दीप्तीच्या आजारपणाच्या रजेच्या अर्जावर 'ताप किती, ते नमूद नाही' असं लिहून आलं. नमूद होईपर्यंत ताप उतरला आणि पोरीला शाळेत जावं लागलं.

दीप्ती आता सत्तावीस वर्षांची होती. रोज इंदोऱ्याहून शेअर ऑटोनं कामठीच्या एका शाळेत जाई आणि नववीला विज्ञान शिकवी. बाबांच्या या कारभाराचा तिला मनापासून राग होता. (नववी ब ला विचारलं असतं तर त्यांनी वेगळं काही सांगितलं असतं. प्रयोगवहीवर तारीख नसेल तर गणवीर मॅडम वही न वाचताच परत देतात, हे त्या वर्गाला पाढ्यासारखं पाठ होतं. पण नववी ब ला कोण विचारतं.)

तिच्या शाळेत प्रयोगशाळा होती आणि प्रयोगशाळेला कुलूप होतं. चंचुपात्र फुटलं की लेखी खुलासा द्यावा लागे, म्हणून चंचुपात्रं कपाटातून निघतच नसत. मुलं फळ्यावर काढलेल्या चंचुपात्रात फळ्यावरचंच पाणी उकळायची. दीप्तीनं दोन वर्षं कुलूप उघडायची विनंती केली. शेवटी मुख्याध्यापिका शामला मॅडम थकून म्हणाल्या, "तुम्ही मुख्याध्यापिका व्हा, मग उघडा."

त्यांनी हे टाळायला म्हटलं होतं. दीप्तीनं ते सूचना म्हणून घेतलं. नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी शैक्षणिक नेतृत्व या विषयाचं एम.ए. होतं, दोन वर्षांचं, वर्ग रविवारी. तिनं फॉर्म भरला आणि संध्याकाळी घरी सांगितलं.

कोणीही नाही म्हटलं नाही. देवाजी तर खुर्चीतून उभेच राहिले. "शीक," ते म्हणाले. "जेवढं शिकता येईल तेवढं शीक." कौसल्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. नागसेन म्हणाला, "रविवारी स्कूटी मले लागते. पण शीक."

भिंतीवरच्या दोन तसबिरी आणि त्यांच्याखालचं पुस्तकांचं कपाट साक्षीला होतं. शिकायला नाही म्हणणारं माणूस या घरात जन्मलंच नव्हतं. खरी अडचण तीच होती. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हो म्हणून कागद धरून ठेवणाऱ्याशी कसं भांडायचं?

"फक्त एक घरचा अर्ज देऊन ठेव," देवाजी म्हणाले.

"कायचा अर्ज?"

"रविवारचा. मटणाचा मसाला तू वाटते, तो कोण वाटन, स्कूटी कोणाकडे राहीन, सगळं बदलन. नागसेनमार्फत आईकडे, आईमार्फत माह्याकडे. थ्रू प्रॉपर चॅनेल."

"बाबा, आई इथंच बसून आहे."

"तिच्याकडे अजून कागद आला नाही," देवाजी म्हणाले.

दोन हातांवर मेथी निवडत बसलेल्या कौसल्याबाईंनी कागद न आल्यासारखा चेहरा केला. दीप्ती तणतणत आत गेली. तो अर्ज तिनं दिला नाही, आणि बाबांनी तो प्रलंबित म्हणून धरला.

प्रवेशाला शाळेचं नाहरकत प्रमाणपत्र लागत होतं. शामला मॅडमनी ते द्यायला तीन आठवडे लावले. आधी लेटरहेड संपलं होतं, मग मॅडमचा भाचा बारावीला होता, मग मॅडमना वाटलं की ही पोरगी आपलीच खुर्ची घ्यायला शिकते आहे. (वाटलं ते अगदीच खोटं नव्हतं.) अखेर गुरुवारी सही झाली. शनिवारी चार वाजेपर्यंत सीताबर्डीच्या अभ्यास केंद्रावर मूळ कागद दाखवायचा होता. मोबाईलमधला फोटो चालणार नव्हता. गुरुवारी संध्याकाळी दीप्तीनं लिफाफा बाबांच्या टेबलावर ठेवला. राग होता, पण सवय रागाहून जुनी होती.

शुक्रवारी ती घरी आली तर टेबलावर लिफाफा नव्हता.

"बाबा, माही एनओसी?"

"पाठवली," देवाजी म्हणाले.

"कुठं पाठवली?"

"तुह्या शाळेत. जावक क्रमांक नाही त्याच्यावर. त्रुटीपत्र लावून परत केली. स्पीड पोस्टानं." त्यांनी पावती दाखवली. पावती रजिस्टरात नीट चिकटवलेली होती.

दीप्तीनं पावती दोनदा वाचली. मग ती फार हळू बोलली. आवाज हळू झाला की ती जास्त चिडलेली असते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी रोज त्याच शाळेत जाते, बाबा. माह्या पर्समध्ये टाकली असती तर सकाळी साडेसातले मॅडमच्या टेबलावर असती."

"तू अर्जदार आहेस. अर्जदाराच्या हाती त्रुटीपत्र देत नसतात."

"काहून?"

विचारायचं नव्हतं ते विचारलं गेलं. नागसेननं मोबाईल उलटा ठेवला.

"काहून म्हणजे? पद्धत आहे."

"उद्या शेवटची तारीख आहे, बाबा."

देवाजींचा हात रजिस्टरवरच थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे तू नमूद केलं नाहीस," ते म्हणाले. पण या वेळी आवाजात अधीक्षक नव्हता.

स्वयंपाकघरात दीप्ती पोळपाटावर कणीक नव्हे, खातंच लाटत होती. कौसल्याबाई तव्याजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "तुह्या बाबाले पण एम.ए. करायचं होतं वं. अठ्ठ्याऐंशी साली. तुह्याच वयाचे होते. परवानगीचा कागद वरच्या ऑफिसातून परत आला, जावक क्रमांक नाही म्हणून. दुरुस्त करून नेला तवा तारीख निघून गेली होती. पुढच्या वर्षी नागसेन झाला. मग राहूनच गेलं."

दीप्तीचं लाटणं थांबलं. तिला ठाऊक नव्हतं. सत्तावीस वर्षं ती या घरात नंबर पडलेले कागद पाहत होती, आणि एका बिननंबरच्या कागदाबद्दल तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाबा सत्तावीस वर्षांचे असताना त्या ऑफिसच्या जिन्यावरून हातात परत आलेला कागद घेऊन उतरतात, असं काहीतरी तिला दिसलं. पण डोळ्यांसमोर दिसलेलं काही अभ्यास केंद्रावर दाखवता येत नाही.

"म्हणजे त्याइचा कागद ज्यानं अडवला, त्याचंच काम ते घरी करून राहिले," ती म्हणाली.

"मी काय म्हणू?" कौसल्याबाईंनी पोळी उलटली. "माह्याकडे कागद आला नाही."

शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटली. दीप्ती फाटकाशी उभी राहिली. सव्वाबाराला पोस्टमन आला. लिफाफा तिला त्याच्या पिशवीत दिसत होता, बाबांचं वळणदार अक्षर वरूनच ओळखू येत होतं.

"ते माहंच आहे," ती म्हणाली.

पोस्टमननं लिफाफा वाचला. "तुम्ही मुख्याध्यापिका आहे का?"

"होणार आहे."

"झाल्या की घेजा," असं म्हणून तो ऑफिसात गेला.

शामला मॅडमनी लिफाफा फोडला आणि उभ्याउभ्याच मोठ्यानं वाचायला लागल्या. "संदर्भाधीन प्रमाणपत्रावर जावक क्रमांक आढळून येत नाही. तरी पूर्तता करून सात दिवसांचे आत फेरसादर करावे. दे. ना. गणवीर, अधीक्षक, कंसात सेवानिवृत्त." त्यांनी कागद खाली केला. "हे कोण?"

"माझे वडील," दीप्ती म्हणाली. आयुष्यात एवढ्या लहान आवाजात तिनं बाबांची ओळख करून दिली नव्हती.

"पंधरा वर्षं सह्या करून राहिली मी. आजवर कोणी त्रुटी काढली नाही. मी याचं लेखी उत्तर देईन. सोमवारी."

"मॅडम, आज चारपर्यंत मुदत आहे."

"मग घेऊन जा जसा आहे तसा. नंबर काही टाकत नाही मी. बाप म्हणते म्हणून शाळा चालत नसते."

दीप्तीनं तो कागद छातीशी धरला आणि पळाली. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत ऑटो, तिथून मेट्रो. मेट्रोत ती मनातल्या मनात बाबांशी भांडत होती आणि प्रत्येक स्टेशनाला जिंकत होती. नंबरबिंबर कोणी पाहत नाही. काळ बदलला. तुमच्या वेळचं ते तुमच्याजवळ ठेवा.

केंद्रावर मोठी रांग. खिडकीतल्या तरुण क्लार्कनं तिचा कागद उचलला, पुढून पाहिला, मागून पाहिला.

"जावक क्रमांक?"

(मेट्रोत जिंकलेली सगळी स्टेशनं एका दमात परत गेली.)

"तो नसला तर नाही चालणार का?"

"मले चालते. वर नाही चालत. नंबर नसला तर कागद शाळेनं दिला की तुम्ही घरी केला, ते कसं समजन?"

साडेतीन वाजले होते. तिनं शामला मॅडमना फोन लावला. पगारबिलांसाठी त्या अजून ऑफिसातच होत्या.

"मी सांगितलं ना, तुमच्या वडिलांसाठी—"

"वडील नाही म्हणत, मॅडम. विद्यापीठ मागून राहिलं."

"विद्यापीठ?" मग आवाज एकदम मऊ झाला. "मग तसं सांगायचं ना. रजिस्टरात नोंद आहेच. दोनशे बारा. कागदावर टाकायचा तेवढा राहिला." पाच मिनिटांत जावक रजिस्टराच्या पानाचा फोटो, शाळेच्या शिक्क्यासकट, मोबाईलवर आला. क्लार्कनं त्याची प्रिंट काढून एनओसीला स्टेपल केली. चारला सात मिनिटं कमी असताना दीप्ती गणवीर शैक्षणिक नेतृत्वाची विद्यार्थिनी झाली.

घरी आली तेव्हा तिघंही हॉलमध्ये होते. टेबलाच्या कोपऱ्यावर दुपारचं ताट झाकलेलं होतं. देवाजी जेवले नव्हते.

"झालं?"

"झालं."

देवाजींनी रजिस्टर बंद केलं. "नंबर मागितला का?"

नाही म्हणावं, असं दीप्तीच्या फार मनात आलं. "मागितला," ती म्हणाली.

ते हसले नाहीत. डोळे मिटून नुसते मागे टेकले, जणू छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीचा कोणीतरी जिना उतरून शेवटी खाली पोचला होता.

"म्हणजे बाबा बरोबर होते," नागसेन म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मग देवाजी सावरून बसले, खणातून एक कोरा कागद काढला आणि तिच्या पुढ्यात सरकवला. "आता रविवारचा अर्ज. उद्या वर्ग आहे ना? आत्ता दे. अर्जंट म्हणून मी आजच मंजूर करतो."

ते प्रेमानं म्हणत होते. दीप्तीला ते दिसत होतं, तरी तिनं पेन उचललं नाही.

"मी अर्ज देणार नाही, बाबा."

"अवं, मंजूर करतो म्हणून तर राहिलो."

"तरी नाही. मी सांगून राहिली. उद्या नऊला वर्ग आहे आणि मी जाते. स्कूटी मी नेते. मसाला दादा वाटन." तिचा आवाज हळू झाला. "तुमचा कागद कोणी अडवला होता, ते आईनं सांगितलं मले. वाईट झालं. पण तो माणूस कधीचा रिटायर झाला असन, आणि तुम्ही त्याची खुर्ची घरी आणून बसले. नंबर पाहिजे होता, कबूल. तुम्ही बरोबर होते. पण फोन करून नंबर विचारायले एक मिनिट लागते, बाबा. तुम्ही माहा कागद पोस्टात टाकला. मी मुख्याध्यापिका झाली आणि एखाद्या पोरीचा असा कागद माह्याकडे आला, तर मी उठीन, नंबर पाहीन, लिहीन, तिच्या हातात देईन. अर्जदाराच्याच हातात. आणि या घरात आजपासून मी अर्जदार नाही."

कौसल्याबाईंच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली. नागसेननं पहिल्यांदाच स्कूटीबद्दल काही म्हटलं नाही. देवाजींनी कोरा कागद परत ओढून घेतला आणि खणात ठेवला. मग रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि सावकाश लिहू लागले.

दीप्तीनं वाकून पाहिलं.

'आवक क्र. ३१८. प्रेषक: दीप्ती. विषय: नकार (तोंडी). शेरा: दाखल करून घेतला.'

एवढ्या मोठ्या बंडाला घरात जागा मिळाली ती किराण्याची यादी आणि लाईटच्या बिलाच्या मधली. हसावं की रडावं, ते तिला ठरवता येईना. पण ठरवायच्या आधीच तिची नजर, सवयीनं, ओळीच्या डाव्या टोकाला गेली.

"तारीख टाकायची राहिली," ती म्हणाली.

तो आवाज अख्ख्या नववी ब नं ओळखला असता. इथं तिघांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग देवाजींनी मुकाट्यानं शिक्क्याकडे हात नेला.