क्रँकशाफ्टला एसी

बेलवलीच्या अनंतरावांकडे एकच एसी आहे आणि तो क्रँकशाफ्टसाठी आहे. आतल्या खोलीत, धुतलेल्या चादरीवर, इंजिनाचा तो अवजड दांडा गारव्यात पहुडलेला असतो आणि माझी मेव्हणी सुधाताई हॉलमध्ये वर्तमानपत्राने वारा घेत घेवडा निवडते. अनंतराव माझे साडू. आनंदनगरच्या कारखान्यात तपासणी खात्यात जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, निवृत्तीनंतर ते काम घरी आणलं.

यंदा ते मुलीच्या, केतकीच्या, शर्यतीच्या गाडीचं इंजिन बांधत होते. बांधत कसले, मोजत होते! दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलासाठी केसाहून बारीक फट ठेवायची असते. ती किती, यावर हा गृहस्थ दिवाळीपासून अडून बसला होता. बेअरिंग बसवायचं, बोल्ट आवळायचे, मोजायचं, तोंड वाकडं करायचं, सगळं खोलायचं. बेअरिंगं पुन्हा बदलून मागितल्यावर उल्हासनगरच्या दुकानदाराने हात जोडले, "साईं, बेअरिंग ले रहे हो या बहू?"

एकदा मी कौतुकाने दांड्यावर हात ठेवला.

"हात काढा! ऊब लागली त्याला! पोलाद फुगतं, माप चुकतं. आता संध्याकाळपर्यंत बसा! तुम्हा बँकवाल्यांचं सगळंच अंदाजे."

माझ्या हाताला ऊब आहे, हे इतक्या वर्षांच्या संसारात प्रथमच कुणीतरी बोललं. घरी जाऊन मी बायकोला सांगितलंही. तिने त्याच हातात दळणाचा डबा दिला.

केतकीचा मात्र जीव टांगणीला. "बाबा, फट कमी ठेवा. पातळ तेल चालेल, इंजिन मोकळं पळेल. मला या वेळी जिंकायचंच आहे."

"आणि तापून दांडा बेअरिंगला चिकटला तर? भर वेगात चाकं जागच्या जागी अडकतील."

"ती माझी जबाबदारी!"

"इंजिन माझं आहे," अनंतराव म्हणाले, आणि फट चांगली सढळ ठेवून मोकळे झाले. "भित्रं इंजिन!" म्हणून केतकीने अबोला धरला. एवढी मापं काढून शेवटी सैलच ठेवायचं, तर एसी तरी सुधाताईला द्यायचा होता!

अंबरनाथपलीकडच्या माळावर शर्यत झाली. केतकी चौथी आली. मी टोमणा घोळवत अनंतरावांना शोधत गेलो. ते टेम्पोच्या आडोशाला, मैदानाकडे पाठ करून, डोळे मिटून उभे होते.

"चौथी आली हो! तुमची ती फट..."

"कितवी ते राहू द्या. आत्ता आवाज थांबला. तिने बंद केलं, की बंद पडलं?"

"तिनेच केलं. उतरली, हेल्मेट काढलं, तुम्हाला शिव्या देतेय."

"उतरली? चालत?"

"चालत. पाय आपटत."

"देऊ दे शिव्या," ते म्हणाले, आणि बाजूच्या टायरवर मटकन बसले.