शाखा लिहायची नाही

"सिव्हिल हा शब्द या कागदावर दिसता कामा नये!" वडिलांनी बजावलं आणि मुलाने तो नोकरीच्या अर्जातून खोडला.

चार वर्षं सिव्हिल इंजिनिअरिंग, वर्षभर नोकरीसाठी वणवण, मग पोटापाण्याची सोय व्हावी म्हणून आणखी दोन वर्षं घालवून कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी. आता पहिल्या पदवीचा वासही लागू द्यायचा नाही, असं वडिलांचं मत. त्यांनी स्वतः उभा जन्म एका कचेरीत, एकाच खुर्चीवर फायली बांधत काढला होता. नोकरी कशी मिळवावी, हे त्यांच्याखेरीज कोण सांगणार? मुलाखतीलाही ते सोबत आले आणि बाहेर बाकावर बसून राहिले.

आत कंपनीच्या मोठ्या बाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. "आमचं सॉफ्टवेअर इमारतींचे आराखडे तपासतं. चाचणीत हा सज्जा मात्र रोज पडतोय. का, ते कुणालाच कळेना."

मुलाला राहवलं नाही. "मॅडम, सज्जा एकाच बाजूने भिंतीत अडकलेला असतो. त्याच्या मुख्य सळ्या वर हव्यात. तुम्ही खाली घातल्यात."

बाई बघतच राहिल्या. "कॉम्प्युटरच्या माणसाला हे कसं ठाऊक?"

खरं सांगायला हीच वेळ होती. पण वडिलांचा दम आठवला आणि मुलाची जीभ घसरली. "वडिलांमुळे. त्यांचा जन्म गेला त्यात."

"कुठे असतात ते?"

"बाहेर बाकावर."

वडिलांना सन्मानाने आत आणलं गेलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पडदा बराच वेळ न्याहाळला. समोरच्या कागदातलं काही कळलं नाही, तर काय म्हणायचं, हे कचेरीने त्यांना चांगलं शिकवलं होतं. "घाई नको," ते म्हणाले. "आधी नीट तपासावं लागेल."

"याला म्हणतात अनुभव!" बाई हरखल्या. "कॉम्प्युटरवाले काय, रोज दहा येतात. काका, सोमवारपासून सल्लागार म्हणून या. मुलाला आम्ही कळवू."

रविवारी माळ्यावरची सिव्हिलची जुनी पुस्तकं खाली आली.

"पुन्हा सांग. सळ्या वर की खाली?"

"सज्ज्यात वर, बाबा."

"म्हणजे नेहमी वर?"

"अहो, नाही! दोन्हीकडे टेकलेली तुळई असेल तर खाली."

"मग चिडतोस कशाला? धड शिकव की! माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

इस्त्री करता करता आईने मान वर केली. "आणि तुझा तो नवा टाय दे रे त्यांना. तुला आता कुठे लागतोय?"