मनोहरशेठची प्लेट

मनोहरशेठच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर सोलरची प्लेट बसते. आपण मागं. एकदा मी पुढं चढलो तर म्हणाला, "उतर बे! तुले घासलं तं काई होत नाई, तिच्यावर ओरखडा पडते."

सिंदी रेल्वेला त्याचं लोखंडी सामानाचं दुकान, समोर माझं घर. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण येडा माणूस ओळखायला तेवढं पुरतं. नागपूरहून प्लेट आणल्यापासून याचं एकच, "सूर्य आता आपला नोकर हाय!"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला हिंगणीच्या पुढं, बोर धरणाजवळ तंबूत राहायला नेलं. एकच रात्र. उद्या संध्याकाळी घरी येतो, असा बायकोला शब्द दिला होता, अन् मी शब्द मोडत नाही, सगळी सिंदी जाणते.

अंधार पडल्यावर शेठनं हेडलाइटच्या उजेडात वांगी शिजवली, वर जीपचा टेप. सकाळी चावी फिरवली तर जीप खोकली अन् झोपली. ढकलून पाहिली. जीप हलली नाही, माझी कंबर हलली.

"घाबरतं काऊन? प्लेट हाय नं!"

त्यानं प्लेट उन्हात मांडून तारा बॅटरीला जोडल्या. दुपार झाली तरी जीप मुकीच. जाऊन पाहतो तर प्लेटवर झेंडूचा भलामोठा हार अन् हळदीकुंकवाचे पट्टे. दसऱ्याला गाडीची पूजा केली तशी हिचीही केली होती, अन् तशीच उन्हात ठेवली होती.

"अबे, नोकराच्या डोळ्यावर पट्टी बांधून काम सांगून राह्यला का?"

"पूजेचा हार काढत नसतात."

मी काढला. धोतरानं कुंकूही पुसलं. शेठ तोंड फिरवून उभा राहिला.

मग जरा आडवा झालो. डोळा उघडला तर शेठ ती पुसलेली प्लेट हळूहळू सागाच्या सावलीत सरकवत होता. वाटलं, उठून एक ठेवून द्यावी.

"जागा हाय का बे?" त्यानं दबकत विचारलं.

मी डोळे मिटून घेतले. शेठची बायको वारली, पोरगा पुण्यात. दुकान बंद झालं की याच्या एवढ्या मोठ्या घरात एकाच खोलीत दिवा लागतो, मला ओसरीवरून दिसतो.

थोड्या वेळानं उठलो. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"शेठ, आज उन्हात काई दम नाई. उद्याच निघू."

"मी तं कवाचा तेच म्हणून राह्यलो!" पीठ काढता काढता तो म्हणाला. "तुले भाकर कडक लागते नं?"